पेंडीचा हिशेब

टेक्सासच्या वायव्य पठारावर लबक नावाचं शहर आहे. त्याच्या चारी बाजूंना कापूस पिकतो, इतका की अमेरिकेतला सर्वांत मोठा सलग कापूसपट्टा म्हणून हा भाग ओळखला जातो. तिथल्या जिनिंगमध्ये 218 किलो रुईची एक गाठ बांधली गेली की बाजूला सव्वातीनशे किलोच्या आसपास सरकी जमा झालेली असते. (आपल्याकडच्या वाणांचा रुईचा उतारा तेहतीस-पस्तीस टक्क्यांवर असतो, त्यामुळे विदर्भातल्या जिनिंगमध्ये सरकीचा ढीग रुईच्या जवळजवळ दुप्पट.) कापूस पेरणाऱ्याने तो सरकीसाठी पेरलेला नसतो. पण ती निघते, दरवर्षी निघते, आणि तिचं काही ना काही करावंच लागतं.

लबकपासून साधारण दीडशे किलोमीटरवर हेरफर्ड हे छोटं गाव आहे. गाईच्या एका जातीवरूनच त्याचं नाव पडलं, आणि जगातली गोमांसाची राजधानी अशी ते स्वतःची ओळख करून देतं. गावाभोवती मोठमोठे फीडलॉट आहेत. उघड्या माळावर लोखंडी कठड्यांचे वाडे, समोर सिमेंटची लांबलचक गव्हाण, आणि एकेका ठिकाणी काही हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जनावरं. कापसाचं पठार आणि मांसाचं पठार असं एकमेकांना लागून आहे, म्हणून सरकीला गिऱ्हाईक लांब शोधावं लागत नाही.

अमेरिकेतली मांसाची गुरं जन्मभर फीडलॉटमध्ये नसतात, हे आधी सांगायला हवं. वासरू कुरणावर जन्मतं, आईच्या दुधावर आणि गवतावर वाढतं. साधारण 320 ते 400 किलोचं झालं की त्याची रवानगी फीडलॉटमध्ये होते. पुढचे पाच-सहा महिने खाणं हेच त्याचं काम. यात बहुतेक खच्ची केलेले गोऱ्हे असतात, बाकीच्या कालवडी. रोज दीड ते पावणेदोन किलोने वजन वाढत जातं, आणि साडेसहाशे किलोच्या आसपास पोचलं की जनावर कत्तलखान्याकडे जातं. या शेवटच्या टप्प्याला तिकडे ‘फिनिशिंग’ म्हणतात. याच काळात स्नायूंच्या आत चरबीच्या बारीक रेषा भरतात. अमेरिकी कृषिखात्याची ‘प्राइम’, ‘चॉइस’ अशी मांसाची प्रतवारी त्या रेषांवर ठरते, आणि मालकाच्या हातात पडणारा पैसाही.

या टप्प्यातला आहार आपल्या गोठ्याच्या नेमका उलट असतो. आपल्याकडे कडबा आणि हिरवा चारा मुख्य, वर थोडं आंबोण. तिथे शंभरातले ऐंशी-नव्वद भाग मका आणि इतर खुराक, आणि चारा जेमतेम आठ-दहा टक्के, तोही रवंथ चालू राहावी एवढ्याचसाठी. टेक्सास-कॅन्ससमध्ये मक्याला वाफ देऊन रुळांखाली चेपतात, पोह्यांसारखे पातळ काप करतात, म्हणजे त्यातलं पिष्ट चटकन पचतं.

मक्यात पिष्ट भरपूर, प्रथिनं मात्र आठ-नऊ टक्केच. वाढत्या जनावराला आहारात साधारण 13 टक्के लागतात. दिवसाला दहा किलो कोरडं खाद्य खाणाऱ्या गोऱ्ह्याला 1.3 किलो प्रथिनं हवीत, आणि मका-चाऱ्यातून मिळतात 800 ग्रॅम. उरलेला अर्धा किलो कुठून आणायचा, एवढ्या एका प्रश्नावर तेलबियांच्या पेंडींचा सगळा व्यापार उभा आहे. सोयापेंडीत 48 टक्के प्रथिनं. सव्वा किलो मका कमी करून तेवढी सोयापेंड घातली की हिशेब जुळतो. म्हणून सोयापेंड हा या धंद्यातला मापदंड. सरकी, सूर्यफूल, कॅनोला, जवस, करडई, कॅमेलिना या बाकीच्या साऱ्यांना ‘पर्यायी’ म्हणतात ते तिच्या संदर्भात.

पण खरा स्वस्त पर्याय तेलबियांमध्ये नाहीच. तो युरियाच्या पोत्यात आहे. गुराच्या कोठीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. त्यांना नत्र मिळालं, सोबत भराभर आंबणारं पिष्ट मिळालं, की ते स्वतःच प्रथिनं तयार करतात, आणि पुढे आतड्यात गेल्यावर गुरू तेच सूक्ष्मजीव पचवतं. एक किलो युरियात 2.8 किलो प्रथिनांइतकं नत्र असतं. वाफवलेल्या मक्याच्या आहारात पिष्टाची चंगळ असल्यामुळे थोडा युरिया चांगला खपतो. जास्त झाला तर मात्र अमोनिया रक्तात चढून जनावर दगावतं. तेव्हा कुठल्याही पेंडीची तुलना सोयापेंडीशी करून भागत नाही, युरियाशीही करावी लागते. पर्यायी पेंडीचं कौतुक करणारे लेख हा भाग बहुधा गाळतात.

मग तेलबिया हव्यातच कशाला? त्यांच्याकडे प्रथिनांखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे तेल. तेलात पिष्टाच्या सव्वादोन पट ऊर्जा असते. शिवाय मक्यासारखं ते पोटात आंबत नाही, त्यामुळे आम्ल वाढत नाही. मक्यावर पोसलेल्या जनावरांचं मोठं दुखणं म्हणजे पोटातली आम्लता. खाणं एकाएकी मंदावतं, यकृतात गळवं होतात. मक्यातला थोडा भाग काढून तेलबी घातली की ऊर्जा तीच राहते आणि आम्लाचा भार हलका होतो. प्रथिनं, ऊर्जा आणि चोथा अशा तिन्ही गोष्टी एकाच दाण्यात असलेली सरकी म्हणूनच टेक्सासच्या आहारतज्ज्ञांची लाडकी. तिच्यात साधारण 23 टक्के प्रथिनं, 18 टक्क्यांच्या आसपास तेल, आणि वर चिकटलेल्या तंतूंमुळे चांगला चोथा.

आता तेल पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, हा या विषयातला सर्वांत रंजक भाग.

अमेरिकेत 1911 साली ‘क्रिस्को’ नावाचा पदार्थ बाजारात आला. सरकीच्या तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं आणि स्वयंपाकाचं तूप म्हणून विकायचं, अशी ती युक्ती होती. आपल्याकडे 1937 साली त्याच रस्त्याने ‘डालडा’ आला, आणि पुढची तीन-चार दशकं तो पिवळा डबा घराघरांत राहिला; रिकामा झाल्यावर त्यात तुळसही लागली. रसायनशास्त्रज्ञांना ही युक्ती साधायला निकेलचा उत्प्रेरक, उष्णता आणि दाब लागला. गाईच्या कोठीपोटातले जीवाणू मात्र हेच काम एकोणचाळीस-चाळीस अंशांवर, दिवसरात्र करत असतात. बियांतली असंतृप्त मेदाम्लं त्यांना विषारी वाटतात, म्हणून ते त्यांच्यावर हायड्रोजन चढवून त्यांना निरुपद्रवी करतात. सूर्यफूल-करडईतलं लिनोलेइक आम्ल असो किंवा जवसातलं लिनोलेनिक, बहुतेक सगळ्याचं शेवटी घट्ट, संतृप्त स्टिअरिक आम्ल होतं. गाईची चरबी थंडीत थिजते आणि कोंबडीची त्या मानाने मऊ राहते, त्याचं मुख्य कारण डालडाचा कारखाना झालेलं हे पोट.

हे काम अर्धवट राहिलं तर मधल्या पायरीवरचे काही पदार्थ पुढे निसटतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल परिझा यांचा गट भाजलेल्या गोमांसातले कर्करोगकारक पदार्थ शोधत होता. त्यात त्यांना कर्करोगाला आळा घालणारा काही घटक असल्याची चिन्हं दिसली, आणि 1987 साली त्यांनी तो ओळखला: संयुग्मी लिनोलेइक आम्ल, म्हणजेच सीएलए. त्याचा उगम कोठीपोटातल्या याच अर्धवट हायड्रोजनीकरणात आहे. ते प्रयोग उंदरांवरचे होते. माणसाने सीएलएसाठी गोमांस खावं असा त्यातून अर्थ निघत नाही, पण त्यानंतर कितीतरी संशोधकांनी गुरांना तेलबिया खाऊ घालून मांसातलं सीएलए वाढवायचे प्रयोग केले. वाढतं खरं. किती उपयोगाचं, यावर माझा फारसा विश्वास नाही.

तेल जीवाणूंना विषारी असल्यामुळेच त्याला मर्यादा आहे. चोथा पचवणारे जीवाणू सर्वांत आधी माघार घेतात, मग भूक मंदावते. सगळ्या आहारात मिळून मेदाचं प्रमाण सहा-सात टक्क्यांच्या वर नेऊ नये, हा फीडलॉटचा रूढ नियम. मक्यात चार टक्के तेल आधीच आहे, त्यातच साडेतीन टक्क्यांची जागा भरते. राहिले जेमतेम तीन टक्के. या तीन टक्क्यांत कुठली बी किती बसते याचा हिशेब पाटी-पेन्सिलीने करता येतो. 18 टक्के तेलाची सरकी आहारात 15 टक्के घातली तर 2.7 टक्के तेल आलं; जागा भरली. फीडलॉटमध्ये सरकीचं प्रमाण 10 ते 15 टक्क्यांवर थांबतं ते यामुळे. सूर्यफुलाच्या अख्ख्या बीत 40 टक्क्यांच्या वर तेल, म्हणून ती सात टक्क्यांपुढे जात नाही. जवसाचंही तसंच, आठाच्या आसपास. म्हणजे बी जितकी तेलकट तितकी तिला आहारात जागा कमी, आणि कमी जागेत ती प्रथिनांची तूटही भरून काढू शकत नाही. अख्ख्या बिया ऊर्जेसाठी वापरायच्या आणि तेल काढलेली पेंड प्रथिनांसाठी, अशी कामाची वाटणी त्यातून आपोआप होते.

पेंडीतही भेद आहे. घाण्यातून निघालेल्या पेंडीत बरंच तेल मागे राहतं, एक्स्पेलरच्या पेंडीत सहा-सात टक्के, आणि हेक्झेनने धुतलेल्या पेंडीत, ज्याला आपल्या बाजारात डीओसी म्हणतात, एक-दोन टक्के. नाव एकच, पण आहार आखणाऱ्याच्या दृष्टीने ही वेगवेगळी खाद्यं. विदर्भातली सरकीची ढेप बहुतांशी सालासकट, एक्स्पेलरवर काढलेली असते, त्यामुळे तिच्यात तेल टिकून राहतं. म्हशीच्या दुधाला फॅट लागावी म्हणून गवळी तिच्यासाठी जादा पैसे मोजतो. अकोल्याच्या बाजारातल्या भावावर या ढेपेचे देशभरातले वायदे चालतात. टेक्सासमध्ये तीच सरकी मांसाकडेही जाते, इकडे दुधाकडे.

बी अख्खी द्यायची की भरडून, याचंही शास्त्र आहे, आणि ते बीच्या आकारावर अवलंबून आहे. सरकी मोठी असते. गुरू ती चावतं, रवंथ करताना पुन्हा चावतं, आणि तेल हळूहळू सुटत जातं. जीवाणूंवर एकदम लोंढा येत नाही. सूर्यफुलाची बीही अख्खी चालते. पण जवस बारीक आणि गुळगुळीत, त्यात वरचं आवरण चिवट. अख्खं दिलं तर बराच भाग जसाच्या तसा शेणात सापडतो. कॅनोलाचा दाणा मोहरीएवढा, त्याची तर बातच नको. म्हणून हे दोन्ही भरडावे लागतात. भरडलं की तेल उघडं पडतं, हवेशी संबंध येतो आणि खवट होतं, विशेषतः जवसाचं. त्यामुळे भरडा रोजच्या रोज करायचा. त्याला यंत्र हवं, माणूस हवा, वीज हवी. कागदावर स्वस्त दिसणारी बी इथे महाग होऊ लागते.

जवस अमेरिकेत मुख्यतः नॉर्थ डाकोटा या एकाच राज्यात पिकतो. तिथल्या राज्य विद्यापीठाचं कॅरिंग्टन इथे संशोधन केंद्र आहे. उत्तरेकडच्या मैदानांतल्या सूर्यफूल, जवस, कॅनोला अशा पिकांचं गुरांना काय करता येईल यावर तिथे बरीच वर्षं काम झालं. कॅन्सस राज्य विद्यापीठातही जवसावर काम झालं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-3. यातूनच ओमेगा-3 गोमांसाची कल्पना निघाली. जवस खाल्लेल्या गुराच्या मांसात ओमेगा-3 दुप्पट-तिप्पट होतं, असं प्रयोगांत दिसतं, आणि तो आकडा जाहिरातीत छान शोभतो. अडचण एवढीच की मुळातलं प्रमाण अगदी क्षुल्लक असतं. खाल्लेल्या लिनोलेनिक आम्लापैकी 85 ते 95 टक्के कोठीपोटातच खलास होतं, आणि माणसाच्या मेंदू-डोळ्यांच्या कामाचं जे डीएचए, ते जवसाने जवळजवळ वाढतच नाही. ज्याला ओमेगा-3 हवं आहे त्याने बांगडा खावा, गुराच्या पोटाशी झगडू नये, असं माझं मत. जवसाचा खरा गुण निराळा आहे. तेलामुळे पोटातला मिथेन घटतो. आहारात दर एक टक्का तेल वाढवलं की मिथेन साधारण साडेतीन ते साडेपाच टक्क्यांनी कमी होतो, असं वेगवेगळ्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास सांगतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात लेथब्रिज इथल्या सरकारी संशोधन केंद्राने सूर्यफूल, जवस, कॅनोला या तिन्हींवर हे तपासलं आहे. पण मिथेन कमी केल्याचे पैसे गुरं पोसणाऱ्याला कोणी देत नसेल, तर महाग जवस तो घालणार नाही.

कॅनोलाचं उदाहरण वेगळ्या कारणाने बोलकं आहे. मोहरीवर्गातल्या तेलबियांत दोन खोड्या असतात: तेलात एरुसिक आम्ल आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट. दुसऱ्यामुळे पेंडीला उग्र, झोंबरी चव येते आणि थायरॉइडवर परिणाम होतो. कॅनडात कीथ डाउनी आणि बाल्डर स्टेफनसन या दोघांनी या खोड्या काढून टाकलेली वाणं तयार केली. स्टेफनसन यांचं दोन्ही दोषांतून सुटलेलं ‘टॉवर’ हे वाण 1974 मध्ये आलं, आणि 1978 मध्ये या नव्या पिकाला कॅनोला हे नाव मिळालं. पेंड छान, प्रथिनं 36-38 टक्के, गुरं आवडीने खातात. आणि अल्बर्टातल्या लेथब्रिजभोवती फीडलॉटची अशी दाटी, की त्या पट्ट्याला लोक फीडलॉटची गल्लीच म्हणतात. मग ही पेंड तिथेच खपत असेल? तशी फारशी नाही. अल्बर्टातली गुरं मक्यावर नाही, बार्लीवर पोसतात, आणि बार्लीत प्रथिनं मुळातच अकरा-बारा टक्के असतात. तूट भरायला पेंड लागतेच किती? कॅनोलाच्या पेंडीचा बराच भाग सीमा ओलांडून कॅलिफोर्नियाच्या दुभत्या गाईंकडे जातो. उत्तम खाद्य घराशेजारी असूनही घरी लागत नाही, कारण घरातलं मुख्य धान्य वेगळं आहे.

मक्याच्या पट्ट्यात पेंडींना खरा धक्का बसला तो इथेनॉलमुळे. 2005 आणि 2007 च्या कायद्यांनी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला भाग पाडलं, आणि अमेरिकेच्या मध्यभागात इथेनॉलचे कारखाने उभे राहिले. एका बुशेल मक्यातून, म्हणजे सुमारे 25 किलोंतून, साधारण साडेदहा लिटर इथेनॉल निघतं आणि आठ किलोंच्या आसपास सुका चोथा उरतो. पिष्ट गेलं, प्रथिनं, तेल आणि तंतू तसेच राहिले. त्यांचं प्रमाण तिप्पट झालं. तीस टक्के प्रथिनांचा हा चोथा आहारात पंचवीस टक्के घातला की तूट भरून निघते, वर थोडी शिल्लकही राहते. नेब्रास्का, आयोवा, कॅन्ससमधल्या फीडलॉटना पेंडीची गरजच उरली नाही. सुरुवातीच्या वर्षांत या चोथ्यात तेलही दहा-अकरा टक्के असायचं, त्यामुळे तेलबियांसाठीची ती तीन टक्क्यांची जागासुद्धा त्याने खाल्ली. पुढे कारखान्यांना मक्याचं तेल वेगळं काढून विकणं फायद्याचं वाटू लागलं, चोथा कमी तेलाचा झाला, आणि सरकी-सूर्यफुलाला पुन्हा थोडी जागा मिळाली. कारखान्याने एक यंत्र बसवलं की शेकडो मैलांवरच्या गव्हाणीतला आहार बदलतो.

2012 साली अमेरिकेच्या मध्यभागात मोठा दुष्काळ पडला, मक्याचा भाव बुशेलला आठ डॉलरच्या वर गेला, आणि फीडलॉटवाले हाताला लागेल ते घालू लागले. सूर्यफुलाच्या खारवायला न निवडलेल्या बारीक बिया, फुटके वाटाणे, बटाट्याची सालं, बेकरीचा टाकाऊ माल. अशा वर्षी ‘पर्यायी खाद्य’ या विषयावरच्या व्याख्यानांना गर्दी होते. मका उतरला की गर्दी ओसरते.

भावाचा हिशेब कसा करतात ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा सोयापेंड फीडलॉटच्या दारात टनाला 400 डॉलरला पडते. तिच्यात 48 टक्के प्रथिनं, म्हणजे निव्वळ प्रथिनांचा टन 833 डॉलरला पडला. सूर्यफुलाची पेंड गिरणीत 240 डॉलर, प्रथिनं 32 टक्के. प्रथिनांचा टन 750. सूर्यफूल स्वस्त, असं वाटतं. आता गिरणीपासून दारापर्यंतचं भाडं टनाला 60 डॉलर धरा: 937. सूर्यफूल महाग झालं. पेंडीत प्रथिनं कमी असली की बाकीचा साल-चोथाही ट्रकमध्ये भाडं भरून प्रवास करतो. म्हणून सूर्यफुलाची पेंड नॉर्थ आणि साउथ डाकोटात गिरणीच्या आसपासच खपते आणि टेक्सासपर्यंत पोचत नाही. पौष्टिकतेचे तक्ते कितीही अभ्यासा. पर्यायी तेलबियांचं नशीब बहुतेक वेळा गिरणी किती लांब आहे यावर ठरतं.

करडईचंही साधारण हेच. सोलापूर-मराठवाड्यातलं आपलं हे रब्बीचं काटेरी पीक मोंटानाच्या कोरड्या पूर्व भागातही चांगलं रुजलं. तेलात सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलेइक आम्ल, पण बीच्या वजनात साल फार, त्यामुळे पेंड हलकी. मोंटानातल्या सिडनी इथे जेरी बर्गमन यांनी करडईवर बरंच काम केलं. पातळ सालीचं, जास्त तेलाचं ‘न्यूट्रासॅफ’ हे वाण गुरांच्या खाद्यासाठी निघालं. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना 1968) बिनकाट्याची करडई दिली. प्रश्न दोन्हीकडे वेगळा होता, तिकडे साल आणि इकडे काटे. मोंटानातल्याच फोर्ट किओ केंद्रातला एक प्रयोग मला मोठा मजेशीर वाटतो. विण्याच्या आधी गाभण गाईंना तेलकट करडई घातली, तेव्हा त्यांची वासरं थंडी जास्त सहन करू शकली. फीडलॉटशी त्याचा संबंध नाही, पण हिमवादळात वासरू जगणं ही तिथल्या शेतकऱ्याची पहिली कमाई असते.

कॅमेलिना ही मोहरीच्या कुळातली, थंड कोरड्या जमिनीत येणारी आणखी एक तेलबी. तेल विमानाच्या इंधनासाठी हवं, पेंड उरते. अमेरिकी अन्न-औषध प्रशासनाने ती फीडलॉटच्या आहारात दहा टक्क्यांपर्यंत चालेल असं मान्य केलं. आता तीच गोष्ट सोयाबीनच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर होते आहे. नव्या प्रकारच्या जैव डिझेलला सोयातेल लागतं. नॉर्थ डाकोटात स्पिरिटवुड इथे 2023 मध्ये सुरू झालेली सोयाबीनची गिरणी मुळात तेल डिझेलकडे वळवण्यासाठी बांधलेली आहे. सोयाबीन गाळलं की वजनात पाचातले चार भाग पेंडच निघते. तेलाची मागणी वाढली की पेंडीचा पूर येतो, भाव पडतो, आणि सगळ्या पर्यायी पेंडींना स्वतः मापदंड झालेल्या सोयापेंडीशीच टक्कर द्यावी लागते.

विषांबद्दल थोडं बोलायला हवं. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. कारण सापडलं ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत: बुरशीने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन. तेव्हापासून प्रत्येक पेंडीच्या मागे हा पहारा लागला. अमेरिकेत दुभत्या गाईच्या खाद्यात अब्जात 20 भाग एवढीच मुभा, कारण ते दुधात उतरतं. मांसाच्या गुरांना शेवटच्या टप्प्यात मात्र सरकीच्या पेंडीत 300 भागांपर्यंत चालतं. परिणाम असा की दूधवाल्याने नाकारलेला माल कायदेशीरपणे फीडलॉटच्या दारात येतो, अर्थात कमी भावाने. ॲरिझोनात सरकीला ही बुरशी फार लागायची. पीटर कॉटी या शास्त्रज्ञाने तिथे विष न करणारी त्याच जातीची बुरशी शेतात सोडली, आणि तिने विषारी भावंडांना हुसकावून लावलं.

सरकीचं स्वतःचं विष म्हणजे गॉसिपॉल. कापसाच्या झाडात, पानांत आणि बीत, काळसर ठिपक्यांएवढ्या ग्रंथी असतात. त्यातला हा पदार्थ किड्यांपासून झाडाचं रक्षण करतो. डुकरं, कोंबड्या आणि माणसं यांना तो बाधतो. नराची बीजनिर्मिती मंदावते, इतकी की 1970च्या दशकात चीनमध्ये पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. मोठ्या गुरांच्या कोठीपोटात तो प्रथिनांना चिकटून बराचसा निष्प्रभ होतो. आणि फीडलॉटमधले गोऱ्हे खच्ची केलेलेच असतात, त्यांना वंश चालवायचा नसतो. पैदाशीच्या वळूंना आणि कोठीपोट अजून पुरतं तयार न झालेल्या लहान वासरांना मात्र सरकी जपून द्यावी लागते.

बिनग्रंथींचा कापूस 1950च्या दशकातच तयार झाला होता. विष गेलं तसे किडे तुटून पडले, आणि ते वाण शेतात टिकलं नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात काम करणाऱ्या, मूळ भारतीय कीर्ती राठोड यांनी दुसरा मार्ग काढला: पानं-फांद्यांत गॉसिपॉल राहू द्यायचं, फक्त बीतलं जनुक गप्प करायचं. 2006 मध्ये त्यांनी हे साधल्याचं जाहीर केलं, 2018 मध्ये कृषिखात्याची आणि 2019 मध्ये अन्न-औषध प्रशासनाची संमती मिळाली. जगातल्या सरकीत 50 कोटींहून जास्त माणसांना पुरतील इतकी प्रथिनं आहेत, असं राठोड सांगत आले आहेत.

हेरफर्डच्या फीडलॉटवाल्याने ही बातमी वाचली असेल तर त्याला ती तितकीशी गोड लागली नसेल. सरकी त्याला स्वस्त मिळते ती कोंबडी, डुक्कर, मासा, माणूस या बाकीच्या गिऱ्हाइकांना ती खाता येत नाही म्हणून. विषामुळे स्पर्धाच नव्हती. बिनगॉसिपॉलची सरकी लबकच्या शेतांत मोठ्या प्रमाणावर आली, तर तिच्यासाठी कोंबडीखाद्याचा कारखाना, कोळंबीचं तळं आणि पिठाची गिरणी यांची बोली फीडलॉटच्या बोलीच्या वर जाईल, आणि पंधरा टक्क्यांच्या त्या जागेसाठी त्याला पुन्हा दुसरी बी शोधावी लागेल.